गाडीतला अबोला

पहाटेच्या वेळी डहाणू रोड स्टेशनात लोकल उभी असते. लोक चढतात, जागा धरतात आणि बसतात. पाच मिनिटांत सगळा डबा गप्प होतो. कोणी मान खाली घालून मोबाइल बघतो. कोणी कानात इअरफोन घालून डोळे मिटतो. शेजारी कोण बसला आहे, याची कोणी चौकशी करीत नाही.

हे पाहून म्हातारी माणसे म्हणतात, "काय हा काळ आला! मोबाइल आला आणि माणूस माणसाशी बोलेनासा झाला. आमच्या वेळी असं नव्हतं."

खरंच असं नव्हतं का? मोबाइल येण्यापूर्वी गाडीतले लोक एकमेकांशी मोकळेपणाने बोलत होते का? आणि न बोलणे हा दोष आहे, की त्यात काही शहाणपणही आहे? याचा आपण या पाठात नीट विचार करू.

पायवाट, जीप आणि आगगाडी

आपल्या पाड्यावर पायवाटेने जाताना कोणी समोर आला, तर "कुठं चाललास?" असे विचारल्याशिवाय आपण पुढे जात नाही. विचारले नाही, तर समोरच्याला वाटते, हा रागावला की काय!

तलासरी गावाला आगगाडी नाही. तिथले लोक जीपने नाही तर एसटीने डहाणूला किंवा उंबरगावला जातात आणि तिथून गाडी धरतात. जीपमध्ये दहा-बारा माणसे दाटीने बसतात. त्यांतली निम्मी ओळखीची निघतात. कोणाचे लग्न, कोणाची पेज, कोणाचा ताप, सगळ्या गोष्टी वाटेत होतात.

तोच माणूस डहाणूला लोकलमध्ये बसला की गप्प होतो. वाणगाव-बोईसरपर्यंत थोडे बोलणे चालते, कारण डब्यात अजून आपल्या भागातली माणसे असतात. पालघर गेले, सफाळे गेले, विरार आले की डबा खच्चून भरतो. बोरिवलीला पोहोचेपर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही.

माणूस तोच, मग जीपमध्ये बोलका आणि लोकलमध्ये मुका का? कारण साधे आहे. जीपमध्ये दहा माणसे असतात. दहा जणांना रामराम करता येतो. मुंबईच्या सगळ्या लोकलगाड्यांमधून मिळून रोज सुमारे 70 लाख लोक जातात-येतात. इतक्यांतल्या किती जणांना रामराम करणार? भेटेल त्याची विचारपूस करायची म्हटले, तर कामावर पोहोचेपर्यंत तोंडाला फेस येईल.

आपल्या देशात उतारूंची पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला गेली. मुंबई आणि गुजरात जोडणारा लोहमार्ग 1864 साली पुरा झाला. तोच आपल्या डहाणूवरून जातो. आगगाडीने एक नवी गोष्ट केली. अनोळखी माणसांना तिने तासन् तास समोरासमोर बसवले. जर्मनीत झिमेल नावाचे एक विद्वान होते. त्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच हे हेरले होते. ते म्हणत, रेल्वे, ट्राम आणि बस येण्यापूर्वी माणसांवर असा प्रसंग कधी आलाच नव्हता, की एकमेकांकडे तासभर पाहत बसायचे आणि बोलायचे मात्र नाही.

म्हणजे गाडीतला अबोला मोबाइलने आणलेला नाही. तो आगगाडीबरोबरच आला. मोबाइल आपल्याकडे आला तो त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी.

जुने पडदे

अनोळखी माणसासमोर बसायचे, तर डोळ्यांना कुठेतरी ठेवावे लागते. टक लावून पाहिले, तर समोरच्याला अवघडल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक उतारू आपल्यापुरता एक पडदा शोधून काढी.

सगळ्यांत मोठा पडदा वर्तमानपत्राचा. ते उघडून तोंडासमोर धरले की आत माणूस एकटा. गर्दी झाली की लोक त्याची उभी घडी करीत. हातभर लांब आणि वीतभर रुंद अशी पट्टी करून उभ्याउभ्याच वाचीत. कोणी पोथी काढी. कोणी हातात जपमाळ धरी. बायका विणकाम करीत, भाजी निवडीत. ज्याला काहीच नसे, तो खिडकीबाहेर बघे. नाहीतर झोपेचे सोंग घेई. झोपलेल्या माणसाला "सरका जरा" असे म्हणायला लोक कचरतात, हे त्याला ठाऊक असे.

काही लोक पडद्याऐवजी कुंपण घालीत. रोज त्याच गाडीला, त्याच डब्यात भेटणाऱ्यांचे गट होत. गटात पत्ते चालत, भजने चालत, टाळ वाजत. दसऱ्याला डब्याची पूजा होई. बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होई. आजही हे काही प्रमाणात चालते. पण हा बोलकेपणा गटापुरताच असतो, बरं का! गटाची जागा धरलेली असते. नवख्याला तिथे लवकर थारा मिळत नाही. आपण त्या कोपऱ्यात उभे राहिलो, तर दहा जण हसत-खिदळत असतात आणि आपल्याकडे कोणी बघतही नाही.

तेव्हा "पूर्वी सगळे सगळ्यांशी बोलत" ही गोष्ट पुरी खरी नाही. पूर्वीही लोक आपापले राहत. फक्त पडदे निराळे होते.

अबोला म्हणजे निष्ठुरपणा नव्हे

मग हे लोक निष्ठुर होते का? तसेही नाही. अमेरिकेतल्या गॉफमन नावाच्या अभ्यासकांनी 1963 साली एका पुस्तकात याचा चांगला उलगडा केला. अनोळखी माणूस समोर आला की आपण त्याच्याकडे क्षणभर पाहतो. म्हणजे, "तू इथे आहेस, हे मी पाहिले आहे." मग नजर काढून घेतो. म्हणजे, "तुझ्या कामात मी नाक खुपसणार नाही." हे दुर्लक्षच, पण सभ्य दुर्लक्ष. दाटीत अंगाला अंग लागते. अशा वेळी निदान नजरेने तरी दुसऱ्याला मोकळी जागा द्यावी, हा त्यातला अर्थ आहे. एकट्याने जाणाऱ्या बाईला तर या मोकळ्या जागेची फार गरज असते.

आणि प्रसंग आला की हा अबोला क्षणात गळून पडतो. 26 जुलै 2005 हा दिवस आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. मोबाइलही बऱ्याच ठिकाणी बंद पडले. ज्या माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांना नावही विचारले नव्हते, त्यांनी डब्यातली बिस्किटे वाटून खाल्ली. एकमेकांचे हात धरून ते रुळांवरून, पाण्यातून चालत गेले. रुळांजवळच्या वस्त्यांतल्या लोकांनी त्यांना चहा-पाणी दिले. हे शिकवायला कोणी गेले नव्हते. माणुसकी होतीच. ती रोज बोलून दाखवली जात नव्हती, इतकेच.

पडद्याला असलेली भोके

जुन्या पडद्यांचा एक गुण होता. त्यांना भोके होती.

वर्तमानपत्राने डोळे झाकले, तरी कान उघडे राहत. "दादा, ही गाडी पालघरला थांबेल का?" असे कोणी विचारले, तर कागदामागून उत्तर येई. शिवाय वर्तमानपत्र एकट्याचे राहत नसे. मागचे पान समोरचा उतारू वाची. थोड्या वेळाने तो म्हणे, "मधलं पान द्या जरा." एका अंकावर चार-पाच जणांचे वाचन होई.

पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ आला. डब्यात एकाकडे तो असला, की क्रिकेटचा खेळ सगळे ऐकत. दाराशी लोंबकळणारा आतल्याला विचारी, "स्कोअर काय झाला?" आणि तो आकडा हातोहात दारापर्यंत येई. आता प्रत्येकाच्या हातात त्याचा स्वतःचा स्कोअर असतो. विचारायचे कोणाला, आणि कशाला?

कान पहिल्यांदा बंद झाले ते वॉकमनमुळे. जपानमधल्या सोनी कंपनीने तो 1979 साली विकायला आणला. पण तो महाग होता, आणि आपल्याकडे थोड्यांच्याच हाती आला.

मोबाइल कसा आला

भारतात मोबाइलवरचे पहिले बोलणे 31 जुलै 1995 रोजी झाले. बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी एका मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर होता. आलेला फोन घेतला, तरी पैसे पडत. गरिबाला तो कसा परवडणार? आपली माणसे पिवळ्या पाटीच्या एसटीडी दुकानातूनच फोन करीत.

2003 साली आलेल्या फोनचे पैसे बंद झाले. मोबाइल स्वस्त झाले आणि घरोघर पोहोचले. पुढे 2016 साली जिओ कंपनी आली, आणि इंटरनेटचा दर एकदम खाली आला. त्यानंतर गाणी, चित्रे, सिनेमा, सगळे मोबाइलवर दिसू लागले. त्याच सुमारास आपला प्रवासही बदलला होता. 16 एप्रिल 2013 रोजी चर्चगेटपासून डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली. त्याआधी लोकल विरारपर्यंतच येत असे. डहाणू ते चर्चगेट हे अंतर सुमारे 124 किलोमीटर आहे. इतका लांबचा प्रवास, आणि हातात मोबाइल! मग मान वर होणार कशी?

मोबाइलने काय दिले

मोबाइलला नुसती नावे ठेवून चालणार नाही. त्याने आपल्याला पुष्कळ दिले आहे.

पहिली गोष्ट अशी. वर्तमानपत्राचा पडदा वाचणाऱ्यालाच मिळे. ज्याला अक्षरओळख नव्हती, तो डब्यात उघडाच बसे. सगळे वाचताहेत आणि आपण नुसते बसलो आहोत, असे त्याला वाटे. मोबाइलवरची गाणी आणि चित्रे मात्र त्यालाही घेता येतात. पूर्वी जो आराम शिकलेल्यांनाच होता, तो आता सगळ्यांना मिळाला.

दुसरी गोष्ट पत्राची. डहाणू-तलासरीचे कितीतरी तरुण खलाशी म्हणून गुजरातेत वेरावळ, पोरबंदर, ओखा इथे जातात आणि बोटीवर काम करतात. कोणी वीटभट्टीवर जातात. पूर्वी घरच्यांना निरोप द्यायचा, तर पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागे. इकडे घरीही ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. नवरा-बायकोमधली गोष्ट दोघा तिऱ्हाइतांना कळे. आता बोट बंदरात आली की खलाशी थेट घरी बोलतो. मनातली गोष्ट आपल्यापुरती ठेवणे गरिबालाही शक्य झाले. हे लहान सुख नव्हे.

तिसरी गोष्ट. डहाणूच्या लोकल थोड्या. एक चुकली की बराच वेळ बसून राहावे लागते. म्हणून रोजच्या उतारूंनी मोबाइलवर आपले गट केले आहेत. "गाडी उशिरा आहे", "वैतरणेला थांबून आहे", असे निरोप त्यावर लगेच फिरतात. डब्यात न बोलणारी माणसे मोबाइलवर एकमेकांच्या उपयोगी पडतात, ही मौजच नाही का?

मोबाइलने काय नेले

आता दुसरी बाजू पाहू. नव्या पडद्याला भोके नाहीत. मोबाइल डोळे घेतो आणि इअरफोन कान घेतो. माणूस डब्यात असतो, पण तो तिथे नसतो.

याचा त्रास कोणाला होतो? ज्याला विचारावे लागते, त्याला. समजा, मोखाड्याकडची किंवा तलासरीकडची एखादी बाई आजारी मुलाला घेऊन प्रथमच मुंबईच्या इस्पितळात निघाली आहे. तिला पाटी वाचता येत नाही. जलद गाडी सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही, हे तिला माहीत नाही. ती शेजारणीला विचारते, "बाई, हे कुठलं स्टेशन?" शेजारणीच्या कानात गाणे चालू आहे. तिला ऐकूच गेले नाही. बाईला वाटते, ही मुद्दाम बोलत नाही. आपले कपडे, आपली बोली पाहून हिने तोंड फिरवले. ती पुन्हा कोणाला विचारीत नाही. स्टेशन निघून जाते.

बघा, कोणी वाईट वागले नाही. कोणी तिचा अपमान केला नाही. तरी तिला अपमान वाटला, आणि मूल घेऊन ती भलत्याच ठिकाणी उतरली. वर्तमानपत्र आणि मोबाइल यांत हा फरक आहे.

दुसरा धोका जिवाचा. कानात इअरफोन घालून रूळ ओलांडणाऱ्याला गाडीची शिटी ऐकू येत नाही. रूळ ओलांडणे हा गुन्हाही आहे. 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण दंडाची गोष्ट सोडा. गेलेला जीव दंड भरून परत येत नाही.

तिसरा त्रास उलट प्रकारचा. काही जण इअरफोन लावीतच नाहीत. मोबाइल मोठ्याने लावून सगळ्या डब्याला ऐकवतात. हा पडदा नव्हे, ही दुसऱ्याच्या कानात घुसखोरी झाली. मुंबईच्या बेस्ट बसमध्ये 2023 साली असे मोठ्याने लावायला मनाई करण्यात आली.

बोलून पाहिले तर?

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. तिथल्या आगगाडीतल्या उतारूंवर दोन अभ्यासकांनी एक प्रयोग केला. तो 2014 साली छापून आला. काही उतारूंना त्यांनी सांगितले, "आज शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला." काहींना सांगितले, "आज गप्प बसा." बाकीच्यांना सांगितले, "रोजच्यासारखे जा." उतरल्यावर प्रत्येकाला विचारले, प्रवास कसा झाला? जे बोलले होते, त्यांचा प्रवास सगळ्यांत आनंदात गेला होता.

दुसऱ्या काही उतारूंना नुसते विचारले, "तुम्हाला काय वाटते, कशात जास्त बरे वाटेल?" ते म्हणाले, "गप्प बसण्यात." म्हणजे लोकांचा अंदाज उलटा होता. प्रत्येकाला वाटते, शेजाऱ्याला बोलायचे नसेल. शेजाऱ्यालाही तसेच वाटते. दोघेही वाट पाहतात, आणि दोघेही गप्प उतरतात.

याचा अर्थ रोज सगळ्यांशी बोलत सुटावे, असा नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. त्याला बोलते करणे हा जुलूम होईल.

आपण काय करावे?

आम्हाला वाटते, पडदा ठेवावा, पण त्याला एक भोक ठेवावे. ते कसे, ते सांगतो.

गाडीत गाणी ऐकायची, तर एका कानाने ऐका. दुसरा कान उघडा ठेवा. रूळ, फाटक आणि फलाट इथे मात्र दोन्ही कान उघडे हवेत. स्टेशन आले की मान वर करून एकदा आजूबाजूला बघा. कोणी गोंधळलेला दिसला, तर त्याने विचारण्याची वाट पाहू नका. "कुठं उतरायचं, मावशी?" एवढे म्हटले तरी पुरे. मोबाइल मोठ्याने लावू नका.

ज्याला विचारायचे आहे, त्यानेही लाजू नये. शेजाऱ्याने पहिल्यांदा ऐकले नाही, तर त्याचे कान झाकलेले आहेत, असे समजावे. हाताने खूण करून पुन्हा विचारावे. बहुतेक माणसे लगेच कानातले काढून उत्तर देतात. रेल्वेची मदत हवी असेल, तर 139 हा नंबर लावावा.

आणि एक गोष्ट आपल्या स्वतःच्या हातची आहे. तुम्ही हा पाठ वाचीत आहात. म्हणजे स्टेशनवरची पाटीही तुम्ही वाचू शकता. प्रत्येक स्टेशनचे नाव फलाटावर मराठीत लिहिलेले असते. गाडी कुठली, किती वाजताची आणि जलद की धीमी, हे दिव्यांच्या पाटीवर लागते. "उमरोळी" आणि "उंबरगाव" ही नावे घाईत कानाला सारखी वाटतात, पण वाचली की फरक लगेच कळतो. एक डहाणूच्या अलीकडे, दुसरे पलीकडे गुजरातेत. ज्याला वाचता येते, त्याला कोणाच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.

पण वाचता आले म्हणजे आपले काम संपले नाही. आपल्या डब्यात अजून कोणीतरी असेल, ज्याला ती पाटी वाचता येत नाही. त्याच्यासाठी आपला एक कान उघडा असू द्या.

आपसांत चर्चा करा

1. जीपमध्ये आपण बोलतो आणि लोकलमध्ये गप्प बसतो. असे का होते?
2. वर्तमानपत्राचा पडदा आणि मोबाइलचा पडदा यांत काय फरक आहे?
3. मोबाइलमुळे तुमच्या घरी कोणती सोय झाली? कोणता त्रास झाला?
4. डहाणू रोडपासून विरारपर्यंतच्या स्टेशनांची नावे क्रमाने लिहा. पुढच्या वेळी गाडीतून पाट्या वाचून ती ताडून पाहा.